वर्षावास, श्रावण आणि खेकड्याचं कालवण

आषाढ पौर्णिमा झाली की आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मधली चार-पाच पानं वाचायची, त्यावर बोलायचं आणि घरी जायचं. वेल्ह्याच्या डोंगरात पाऊस असा कोसळत असतो, की पत्र्याच्या आवाजात वाचणाऱ्याला ओरडून वाचावं लागतं आणि मागं बसलेल्याला निम्मं ऐकूच येत नाही. तरी माणसं येतात. पुण्यात नोकरी-शिक्षणाला असलेली आमच्यासारखी मुलं शनिवारी रात्री गाडी पकडून येतात, कारण रविवारी वाचनानंतर एकत्र जेवण असतं. ज्याच्या चुलीवर जे शिजलं असेल ते टोपात नाहीतर डब्यात घेऊन यायचं आणि सगळ्यांनी वाटून खायचं, एवढाच नियम.

यंदा श्रावणातल्या पहिल्याच रविवारी आजी खेकड्याच्या कालवणाचा टोप फडक्यात बांधून घेऊन आली. तिला सगळी वस्ती आजीच म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. आदल्या रात्री तिच्या नातवानं ओढ्याला जाऊन खेकडे धरले होते. पहाटेपासून पाट्यावर वाटण वाटत ती बसली होती. टोप खाली ठेवला, वास सगळ्या विहारात पसरला आणि आमच्यातलाच एक शिकलेला, कामाचा, चांगला कार्यकर्ता म्हणाला, "आजी, श्रावण चालू हाय. विहारात हे नको. इथून पुढं रविवारी सगळ्यांनी शाकाहारीच आणायचं, असं ठरवू."

आजीनं त्याच्याकडं बघितलं. "कुनाचा सरावन रं बाबा?" एवढंच म्हणाली. टोप पुन्हा फडक्यात बांधला, इरलं डोक्यावर घेतलं आणि पावसात चालू लागली.

तिला कुणी थांबवलं नाही. आम्हीही नाही. ज्यांनी कॉलेजात खाद्यसंस्कृतीच्या राजकारणावर भाषणं केली, तेच आम्ही मान खाली घालून वरण-भात जेवलो. हा लेख आधी आमच्या स्वतःच्या विरोधात आहे, मग इतर कुणाच्या.

वरवर पाहिलं तर हे एका टोपाचं भांडण आहे. पण आजीनं विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. पावसाळ्यात आपण काय खायचं, काय सोडायचं, कशाची लाज बाळगायची आणि कशाचा अभिमान, हे ठरवतो कोण? आणि ठरवताना आपल्या आज्यांनी पावसाळे कसे काढले, हे आपल्याला ठाऊक आहे का?

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं ठरलं आहे) म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतली खोरी. कानद खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, हिर्डस मावळ. राजगड-तोरण्यामुळं ही नावं इतिहासाच्या पुस्तकात आहेत. घाटमाथ्याच्या बाजूला पाऊस बेफाम, आणि पूर्वेला नसरापूर-कापूरहोळकडं यावं तसा कमी होत जाणारा. इथल्या पावसाचं पाणी इथं थांबत नाही. वेळवंडी नदीवरचं भाटघरचं मोठं धरण १९२७-२८ च्या सुमारास पूर्ण झालं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या उसाला जातं. पानशेत आणि वरसगावचं पाणी पुणे शहर पितं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तो दिवस पुण्यात अजून सांगितला जातो. पण त्या धरणांच्या पाण्याखाली कुणाची खाचरं गेली, कुणाच्या चुली गेल्या, हे सांगणारा कुणी भेटत नाही. पाऊस आमच्या डोक्यावर, ऊस दुसऱ्याच्या शेतात आणि नळ तिसऱ्याच्या घरात, असा हा हिशेब आहे.

या हिशेबात सगळ्यात खाली महारवाडा, कातकऱ्यांच्या झोपड्या आणि डोंगराच्या सोंडेवरचे धनगरवाडे. आम्ही मुलं आज्यांना पावसाळ्याबद्दल विचारतो, तेव्हा त्या कांदाभजी सांगत नाहीत. त्या आधी भूक सांगतात.

भाताच्या मुलखात आषाढ-श्रावण हे पोट जाळणारे महिने. मागच्या सुगीचं धान्य संपलेलं. हळवं भात यायला दसरा उजाडायचा, गरव्याला दिवाळी. आंबेमोहोर पिकवायचा पाटलाच्या, सावकाराच्या खाचरात. आपल्या वाट्याला आला तरी तो विकून मीठ-मिरची आणायची आणि घरात खायची कणी. कणीची पेज, नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं. मृगाच्या आधी शेण्या आणि लाकूडफाटा वळचणीला रचून ठेवायचा. तो भिजला की चूल धुपायची, घरभर धूर आणि पेज कच्ची. डोळे चुरचुरत होते ते धुरानं की कशानं, हे आजी सांगत नाही.

लावणीच्या दिवसांत काम मिळायचं. तरणा-म्हातारा पाऊस अंगावर घेत दिवसभर वाकून, चिखलात पाय कुजवून आवण लावायचं. दुपारी मालकाच्या घरून जेवण यायचं. बाकीच्या बायका एका बांधावर, आमच्या बायका दुसऱ्या बांधावर. त्यांना ताटली, आमच्या हातावर वरून टाकलेली भाकरी आणि त्या भाकरीवरच ओतलेलं कोरड्यास. रोप एकाच चिखलात लावायचं, भात एकाच टोपलीत जायचं, पण जेवणाच्या वेळेला पंगत वेगळी. हे आजीनं पोरवयात पाहिलेलं आहे. पुस्तकात वाचलेलं नाही.

आणि येसकराची पाळी. गावाची सगळी कामं करायची: सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, पहारा द्यायचा. त्याच्या बदल्यात संध्याकाळी दारोदार हाक मारून भाकरी गोळा करायची. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन येसकर फिरायचा. घरी येईपर्यंत टोपल्यातल्या भाकरीचा लगदा झालेला असायचा. याला 'हक्क' म्हणत! बावन्न हक्कांच्या गोष्टी आपण अभिमानानं ऐकत आलो. बाबासाहेबांनी या अभिमानाच्या आतली गुलामी उघडी केली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच साठी. तुकड्यावर राबवून घेणारी व्यवस्था तुकड्याला हक्क म्हणते, म्हणजे राबणारा तो सोडायला तयार होत नाही.

पावसाळ्यात जनावरांचे आजार यायचे, गुरं दगावायची. मेलेलं ढोर ओढणं हे महारवाड्याचं काम आणि त्याचं मांस हा महारवाड्याचा वाटा. जास्तीचं मांस उन्हं असताना कापून, दोरीवर वाळवून त्याच्या चान्या करून ठेवायच्या. पाऊस लागला, घरात काही नसलं की त्या भाजायच्या नाहीतर शिजवायच्या. दया पवारांच्या 'बलुतं' मध्ये आणि बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं' मध्ये हे जग आलेलं आहे. बेबीताईंचं आजोळ वीरगाव, आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातलं. आषाढ हा महारवाड्याचा मोठा महिना होता हे त्यांनी लिहिलं आहे, आणि त्या मोठेपणाखालचं दारिद्र्य आणि अंधश्रद्धाही लपवलेली नाही. शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकाची नोंद केली. मावळाच्या, भोर-वेल्ह्याच्या आपल्या चुलींची अशी नोंद अजून आमच्या हाती लागलेली नाही. ती कुणी बाहेरचा येऊन करणार नाही.

आता वरंध घाटाकडं या. भोरवरून हिर्डस मावळातून घाट उतरला की महाड. म्हणजे ज्या गावानं आपला इतिहास फिरवला ते गाव आमच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथं परिषद भरली. परिषदेसाठी पिण्याचं पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावं लागलं होतं, कारण गावातल्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, शिळे-उष्टे तुकडे मागणं सोडा. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर पाणी प्यायल्यावर लोक मांडवात परतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. कित्येक जण जेवत होते. त्यांचं अन्न मातीत मिसळलं गेलं, भांडी फोडली गेली.

हा तपशील नीट लक्षात ठेवा. पाण्याला हात लावला म्हणून अन्न मातीत घातलं. आपल्या चळवळीत पाणी आणि भाकरी कधीच वेगळी नव्हती.

त्या हाकेनंतर महारवाड्यांनी काय केलं? उपाशी राहण्याची पाळी आली तरी मेलेलं मांस सोडलं. येसकरीची भाकरी सोडली. गावानं बहिष्कार टाकला, लावणीला बोलावणं बंद केलं, तरी सोडली. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली आणि गावकीचं जोखड कायद्यानंही उतरलं. पावसाळ्याच्या ऐन उपासमारीत हातातला तुकडा टाकून देणं म्हणजे काय, हे भरल्या पोटी कळणार नाही. स्वाभिमानाची ती किंमत आपल्या आज्या-पणज्यांनी पोटातून दिली.

पण आमच्या पिढीची एक चूक झाली. काय सोडायला सांगितलं होतं, हे आम्ही नीट वाचलंच नाही. बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली, चव सोडायला नाही. जे लादलेलं होतं ते सोडायचं होतं: मेलेलं, उष्टं, मागितलेलं. जे आपल्या हातांनी शोधलेलं, पकडलेलं, वेचलेलं, शिजवलेलं होतं, ती आपली विद्या होती. आम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून टाकली आणि दोन्हीची लाज धरली.

ही विद्या किती मोठी आहे, ते आजीबरोबर एकदा बांधावर फिरलं की कळतं.

पाऊस पडायच्या बेताला झाडीत शेवळं वर येतात. ती तशीच शिजवली तर घसा खाजून जीव जाईल. म्हणून त्यात काकडाची फळं नाहीतर चिंच-आमसूल घालायचं. रानअळूचंही तेच, आंबट घातल्याशिवाय हात लावायचा नाही. मृगाच्या सरी झाल्या की टाकळा उगवतो. दोन-चार पानांवर असतानाच तो खुडायचा, कांदा-लसणात परतायचा. मोठा झाला की त्यात चव राहत नाही. कुर्डू कोवळा असताना भाजीला, तुरे आले की सोडून द्यायचा. फोडशी गवतासारखी दिसते, ओळखायला नजर लागते. भारंगी कडू, ती उकडून पाणी टाकायचं आणि कांदा सढळ घालायचा. मग कर्टोली. श्रावणात वारुळावर अळंबी. पण कुठली खायची आणि कुठली विषारी, हे सांगताना आजी थट्टा करत नाही. "वळखीची नसल तर हात लावायचा न्हाय. भूक मारंल त्या आधी ती मारंल."

हे सगळं तिला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. भुकेनं शिकवलं. आणि एकटीला शिकवलं नाही. यातलं कितीतरी कातकरी बायांकडून आलेलं आहे, काही महादेव कोळ्यांकडून, काही धनगरवाड्यातून. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी माणसं पावसाळ्यात परत येतात. ओढ्याच्या चढणीचे मासे, खेकडे यांची त्यांच्याइतकी जाण कुणालाच नाही. तेव्हा 'ही आमचीच विद्या' अशी पाटी आपणही लावायची नाही. ही तळातल्या माणसांनी एकमेकांना देत-घेत जपलेली विद्या आहे.

आता ज्या कालवणावरून हे सगळं झालं, ते कसं करतात तेही सांगतो. लिहून ठेवलं नाही तर तेही जाईल.

खेकडे रात्री धरायचे. पूर्वी पलिता, आता बॅटरी. उजेड डोळ्यावर पडला की खेकडा जागच्या जागी थबकतो. मागून पाठीवर बोट दाबून उचलायचा, पुढून हात घातला तर नांगा धरतो आणि सोडत नाही. पोटाखाली पिल्लं असलेली मादी आजी परत ओढ्यात सोडायला लावते. घरी आणून नांगे आणि पाय मोडून घ्यायचे, पाठीचं कवच काढून आतली घाण टाकायची, दोन पाण्यांनी धुवायचं. बारीक पाय फेकायचे नाहीत. ते पाट्यावर नाहीतर उखळात ठेचायचे, पाणी घालून फडक्यातून रस गाळून घ्यायचा. कालवणाची खरी चव त्या रसात. सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यात भाजायचा, त्यात लसूण, आलं, कोथिंबीर घालून वाटायचं. तेलात वाटण परतून घरचं तिखट घालायचं, मग खेकडे, मग तो गाळलेला रस. दाटपणाला चमचाभर तांदळाची पिठी. उकळी फुटली की चुलीतली लाकडं मागं ओढून मंद आचेवर ठेवायचं. सोबत तांदळाची नाहीतर नाचणीची भाकर. सर्दी-खोकल्यानं घर बेजार असलं की आधी नुसता रस्सा वाटीत ओतून सगळ्यांना प्यायला द्यायचा.

ज्या दिवशी खेकडे नाहीत, त्या दिवशी सुकट. महाडकडून घाटानं वर येणारी सुकी मासळी पावसाळ्याआधी घेऊन डब्यात भरून ठेवायची. जवळा तव्यावर भाजून, धुऊन, कांद्यात परतला की चार माणसांची भाकर निघते. बोंबील तर निखाऱ्यावर नुसता भाजला तरी पुरतो. महागड्या मांसाच्या जागी या मूठभर सुकटीनं आपल्या किती पिढ्यांच्या पोटाला आधार दिला, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आणि आता गंमत पाहा. याच जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. मढे घाट, वरंध घाट, राजगडाचा पायथा. रस्त्याच्या कडेला 'चुलीवरचं जेवण', 'गावरान खेकडा थाळी' अशा पाट्या. धुरानं आमच्या आज्यांचे डोळे गेले, तो धूर आता चवीचा म्हणून विकला जातो. ९ ऑगस्टच्या सुमारास सरकारी रानभाजी महोत्सव भरतात. ते वाईट नाहीत. चार बायांच्या हातात पैसा येतो, तो यायलाच हवा. प्रश्न वेगळा आहे. ज्या पाटीवर भाजीचं नाव असतं, तिथं ती वेचणारीचं नाव का नसतं? ज्या घरात वरीचे तांदूळ फक्त उपवासाला शिजतात, तिथं कुणाला ठाऊक असतं की डोंगराच्या उतारावर वरी-नाचणी पिकवणाऱ्याचं ते रोजचं पोट होतं? गरिबाची भाकरी श्रीमंताच्या ताटात गेली की ती 'पौष्टिक' होते, आणि गरिबाच्या ताटात असेपर्यंत ती हलकी असते. जात ताटातही अशी काम करते.

दुसरीकडं ही भाजी उगवायची जागाच संपत चालली आहे. खाचरं विकली जात आहेत, तिथं कुंपणं आणि फार्महाऊस उभे राहत आहेत. कुंपणाच्या आत टाकळा खुडायला गेलेल्या बाईला राखणदार हुसकावतो. उरलेल्या बांधांवर तणनाशक मारलं जातं. शेतकऱ्याच्या मजुरीचा प्रश्न खरा आहे, पण त्या फवाऱ्यात कुर्डू, टाकळा, घोळ सगळंच जळतं. आणि आपली स्वतःची जमीन? वतनाच्या जमिनींवर नव्या शर्तीची नोंद आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरी कुळकायदा, कब्जा, साठेखत अशा वाटांनी आपल्या हाडकी-हाडवळ्यातलं किती शिल्लक आहे, हे प्रत्येकानं आपल्या गावचे सातबारे काढून एकदा बघावं. रानभाजीचा प्रश्न शेवटी जमिनीचाच प्रश्न आहे.

आता विहारातल्या मुद्द्याकडं येऊ. आमचा तो मित्र वाईट नाही. त्याचं म्हणणं असं, की बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पहिलं शील हिंसेपासून दूर राहण्याचं आहे. मग वर्षावासात तरी मांसाहार नको. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायला हवं, आणि ते त्याच ग्रंथात आहे जो आपण रोज संध्याकाळी वाचतो.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेवर स्वतंत्र विवेचन केलं आहे. त्याचा सारांश असा, की बुद्धांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, आंधळा नियम म्हणून नाही. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. भिक्खूंना मांस पूर्ण वर्ज्य करा असा आग्रह देवदत्तानं धरला होता, तो बुद्धांनी मान्य केला नाही. ज्या यज्ञात हौसेनं, पुण्यासाठी पशू मारले जात, त्याला त्यांनी विरोध केला. आजीनं पिल्लं असलेली मादी परत सोडणं आणि घरापुरतेच खेकडे धरणं यात जितका धम्म आहे, तितका 'श्रावण आहे म्हणून नको' यात नाही. आमच्या मित्रानं प्रतिज्ञा नंतर आठवली. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'श्रावण'. जर प्रश्न करुणेचा असता तर तो बारा महिने असता. फक्त एका महिन्यात, तेही दुसऱ्यांच्या पंचांगाप्रमाणं उगवणारी करुणा ही करुणा नसते. ती शुद्धतेची भीती असते. आणि शुद्ध-अशुद्धाच्या याच कल्पनेनं आपल्याला हजारो वर्षं पाण्यापासून दूर ठेवलं.

वर्षावासाची सुरुवातच आठवा. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले की कोवळं गवत, बारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून बुद्धांनी तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. म्हणजे वर्षावास सुरू झाला तो लोकांचं ऐकून. त्या वर्षावासात एका म्हातारीचं ऐकून न घेता तिला टोपासकट परत पाठवणं, हे कुठल्या धम्मात बसतं?

शाकाहारी राहणाऱ्या बौद्ध बांधवांचा आम्हाला आदर आहे. जो विचारानं सोडतो त्याचा तो मार्ग. विरोध आहे तो सक्तीला आणि लाजेला. कारण ही लाज घरात थांबत नाही. पुण्यात खोली शोधताना आमच्यातल्या बहुतेकांना 'नॉनव्हेज चालणार नाही' हे वाक्य ऐकावं लागलं आहे. त्या वाक्यातून आडनाव आणि जात विचारली जाते हे घरमालकालाही ठाऊक असतं, आपल्यालाही. आमच्यातल्या एकीनं गावाहून दिलेली सुकट तीन पिशव्यांत बांधून, पेटीच्या तळाशी लपवून ठेवली आणि शेवटी वासाच्या भीतीनं न खाताच टाकून दिली. आईनं पावसाळ्यासाठी भरलेला डबा लेकीनं कचऱ्यात टाकला. बाहेरच्या जगात हे जगावं लागतं. पण तेच आपण आपल्या विहारात करायचं?

आणि हा प्रश्न फक्त मोठ्यांचा नाही. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूंची कत्तलही गुन्हा ठरली. जानेवारी २०२५ मध्ये शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा सरकारी निधी थांबवला गेला. ज्यांच्या घरी रोज दूध-तूप आहे त्यांच्या मुलांचं यानं काही अडत नाही. अडतं ते पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जाणाऱ्या कातकऱ्याच्या, आपल्या, धनगराच्या पोराचं. ताटातून काय काढायचं हे नेहमी तेच ठरवतात ज्यांच्या ताटात भरपूर असतं. आज घरात पाच किलोचं रेशन येतं ते २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं, कुणाच्या दयेनं नाही. तुकड्यापासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास आहे. इथून मागं वळायचं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आजीच्या घरी गेलो. माफी मागितली. आजी आधी बोललीच नाही, चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, "मला राग त्या पोराचा न्हाय. तुमचा हाय. तुमी गप बसला."

संध्याकाळी विहारात अहिंसेचं ते प्रकरण मुद्दाम काढून वाचलं. चर्चा तास-दीड तास चालली. आवाज चढले. शेवटी एकानं मधला मार्ग म्हणून सुचवलं, की ज्यांना मांसाहार करायचा त्यांची पंगत बाहेरच्या पडवीत बसू द्या, ज्यांना नाही त्यांची आत. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. वाद मिटल्यासारखं वाटलं.

तेव्हा दारापाशी बसलेली आजी उठली. "येगळी पंगत आमी लय बघितली," ती म्हणाली. "या बांधावर त्या, त्या बांधावर आमी. ती मोडायला बाबा आलं. तुमी पुन्हा मांडताय व्हय?"

कुणाकडंच उत्तर नव्हतं. पंगत एकच बसली. वरण होतं, कुर्डूची भाजी होती, भारंगी होती, आणि टोपभर कालवण. ज्याला नको त्यानं घेतलं नाही, ज्याला हवं त्यानं घेतलं. आमच्या मित्रानं कालवण घेतलं नाही, पण तो त्याच पंगतीत, आजीच्या शेजारी बसला. त्याचं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. वर्षावास अश्विन पौर्णिमेपर्यंत आहे, वाद चालू राहील. वाद चालू राहायलाच हवा, फक्त तो एका पंगतीत बसून.

मित्रांनो, या पावसाळ्यात एवढं करा. आपल्या आजीला, आत्याला, मावशीला विचारा, त्या आषाढ-श्रावणात काय खात होत्या, ते कुठून यायचं आणि कोण द्यायचं. जे लादलेलं होतं आणि जे शोधलेलं होतं, ते वेगळं करून लिहून ठेवा. भाजीचं नाव तिच्या बोलीत लिहा, आणि सांगणाऱ्या बाईची परवानगी घेऊन तिचंही नाव लिहा. गावचे सातबारे काढा. शाळेतल्या पोरांच्या ताटात काय पडतं ते एकदा जाऊन बघा. आणि तुमच्या विहारात कुणी म्हातारी टोप घेऊन आली, तर आधी तिच्या डोक्यावरचा टोप उतरवून घ्या. चर्चा नंतर.

जय भीम!